दोन्ही चाकं

आमच्या मोठ्या गाडीच्या मागच्या चाकांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. चढावर बर्फ लागलं की एक भिंगरीसारखं गरगरायचं आणि दुसरं नुसतं उभं राहायचं. डोंगरातल्या मोखोत्लोंग गावात माझं दुकान आहे. माल आणायला हीच गाडी. गेल्या हिवाळ्यात ती डोंगराच्या चढावर रुतली, तेव्हा माथ्यावर मेंढ्या राखणारे नवऱ्याचे थोरले भाऊ सेआबाता वरून बैल घेऊन आले आणि त्यांनी ती ओढून काढली. तेव्हापासून भेटले की मला मानानं 'मे', म्हणजे बाई, म्हणत विचारायचे, "काय मे न्थाबेलेंग, गाडीला चारा घातला का?"

यंदा मागचा डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा दातेरी चक्रांचा गोळा, रडायला लागला. माझा नवरा मोलेफी गाड्याच दुरुस्त करतो. त्यानं गाडी उचलून टेकूंवर ठेवली, काळं तेल काढलं, दोन्ही बाजूंचे चाकांचे दांडे ओढले आणि तो जड गोळा छातीशी धरून बाहेर आणला. आतल्या मोठ्या चक्राचे, क्राऊनचे, दात कुरतडलेले होते.

"आता कुलूपवाला बसवू," तो म्हणाला.

"गाडीला कुलूप आहे की."

"हे चाकांना. गप बघ."

नव्या क्राऊनच्या दातांना त्यानं पिवळा रंग फासला, फिरवून बघितलं, पुसलं, पुन्हा फासलं. दात दाताला नेमका मध्यावर लागेपर्यंत तो जेवायला उठला नाही. मक्याच्या उकडीचा गोळा मी त्याच्या तोंडात भरवला, कारण हात तेलाचे.

सगळं बसवून झाल्यावर, गाडी वरच होती, तो म्हणाला, "डावं चाक फिरव."

मी फिरवलं. उजवं उलट्या बाजूला फिरलं.

मग त्यानं आत जाऊन बटण दाबलं. कुठंतरी टक झालं. "आता फिरव."

या खेपेला चाक जड लागलं. वाकून पलीकडे पाहिलं, तर उजवंही माझ्याच बाजूनं, माझ्याच चालीनं फिरत होतं. मी थांबले, ते थांबलं. इतकी वर्षं त्या गाडीत बसले, पण तिच्या पोटात असलं काही होऊ शकतं हे माझ्या गावीही नव्हतं. मी पुन्हा फिरवलं. मग पुन्हा.

"पुरे आता, खेळणं आहे का ते?" मोलेफी म्हणाला. पण तोही बघतच होता.

पुढच्याच आठवड्यात बर्फ पडलं. सेआबातांचा वरून फोन आला. आवाजात थट्टा नव्हती. "चारा संपला. मेंढ्या एकमेकींची लोकर खातायत. घोड्यावर किती येणार?"

आम्ही लसूणघासाच्या पेंढ्या गाडीत छतापर्यंत कोंबल्या आणि निघालो. मीच चालवत होते. वर मेंढ्यांपाशी पुरुषच राहतात. लग्नानंतर मी तिथं कधी गेले नव्हते. चढावर मागचं एक चाक गरगरलं, गाडी दरीकडे सरकली. मोलेफीनं दाराची कडी घट्ट धरली.

"दाब," तो हळूच म्हणाला.

मी बटण दाबलं. गाडी क्षणभर थरथरली, आणि मग बर्फाखालचा दगड दोन्ही चाकांनी एकदम धरला. ती घाई न करता चढत राहिली.

माथ्यावर सेआबाता ब्लँकेट पांघरून उभे होते. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "बैल कुठं सोडलेत?"

"नाही आणले, न्ताते," थोरल्यांना म्हणतात तसं मी मानानं म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मोलेफीकडे पाहिलं. मग ते सरळ बर्फात आडवे झाले. "जरा पुढं घे. हळू."

मी गाडी हातभर पुढं घेतली. ते काही वेळ उठलेच नाहीत. उठले तेव्हा दाढीला बर्फ चिकटलं होतं. "दोन्ही फिरतात," ते म्हणाले, आणि एवढंच.

पेंढ्या सोडल्या तशा मेंढ्या धावत आल्या. मी कडेला गेले. ढग आमच्या पायांखाली पसरले होते, त्यांच्यावर ऊन होतं, आणि त्यांतून डोंगरांची नुसती डोकी वर आली होती. आमचं गाव, दुकान, गॅरेज त्याखाली कुठंतरी होतं. ही जागा माझ्या डोक्यावर रोज होती.

मागं शेकडो तोंडं एका लयीत चावत होती. आम्ही तिघं ते ऐकत उभे राहिलो. थोरल्या दिरांसमोर सुनेनं डोकं-खांदे झाकायचे असतात, ते मी विसरले होते. सेआबातांनी आपलं ब्लँकेट माझ्या खांद्यावर टाकलं.