आरशातली भट्टी

घरात माझ्या चित्रांना सगळे छानच म्हणतात. सूनबाई भाजी चिरताना मान वर न करता म्हणते, मुलगा गाडीची चावी शोधता शोधता म्हणतो. म्हाताऱ्याला वेळेवर गोळी द्यावी तसा तो शब्द देतात. आता तो ऐकला की धडकी भरते.

त्यात वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "काका, पुढच्या महिन्यात खालच्या हॉलची एक भिंत तुम्हाला देते. आज संध्याकाळपर्यंत सांगा." कारखान्यातल्या ज्या भट्टीवर आम्ही उभं आयुष्य काढलं, तीच मी रंगवली होती. हो म्हटलं तर जुने सोबती बघायला येणार. ते हसले तर? आणि नुसतं छान म्हणाले तर?

न्हावी माझा दोस्त. तो म्हणाला, "चित्र घेऊन ये, मागच्या भिंतीला टांगतो. तू खुर्चीत बस, तोंडभर फेस फासतो. कोण काय बोलतं ते ऐक."

"नाकावरून ओळखतील की."

"तुझ्या नाकाला कोण विचारतंय? फक्त हलू नकोस. वस्तरा माझ्या हातात आहे."

बसलो. समोर आरशात माझं चित्र उलटं दिसलं. घरी रोज पाहिलेलं चित्र परक्याचं वाटत होतं. भट्टीचं दार उघडं, आत जाळ, आणि पुढे माणसं लग्नाच्या फोटोला उभी राहावीत तशी ताठ.

एक गिऱ्हाईक आलं, चित्राकडे बघून "रंग बरा आहे" म्हणालं आणि दाढी करून गेलं. न्हाव्याने माझ्या तोंडाला पुन्हा फेस लावला. तेवढ्यात दारातून खोकला ऐकू आला. चिमट्या. भट्टीवर लांब चिमटा धरायचा म्हणून हे नाव. त्याची जीभ भट्टीपेक्षा जास्त भाजायची.

"हे कुणी काढलं?"

"एक गिऱ्हाईक ठेवून गेलंय," न्हावी म्हणाला. "कसं आहे?"

चिमट्या चित्राला नाक लावून उभा राहिला. वस्तरा माझ्या गळ्यावर होता.

"आपलीच भट्टी. दार बरोबर, साखळी बरोबर. माणसं खोटी."

"खोटी कशी?"

"अरे, दार उघडलं की छाती काढून कोण उभं राहतं? आमची बोबडी वळायची. रोज. ह्या बाबाने सगळ्यांचे पुतळे करून ठेवलेत."

मी आवंढा गिळला. वस्तरा लागला.

"हलू नका म्हटलं ना," न्हावी मला उगाच अहोजाहो करत म्हणाला.

"पण हा कोपऱ्यातला बघ. पाठमोरा. खांदे कानापर्यंत चढलेत. हा खरा. आत्ता पळेल असं वाटतं. बघून माझ्याच तळव्यांना घाम आला."

तो माणूस मला जमलाच नव्हता. त्याच्यावर खांब रंगवून त्याला झाकायचं मी ठरवलं होतं.

"काढणाऱ्याला काही निरोप?"

"म्हणावं, ह्या एकट्याला काढ. मोठा काढ. मग मी येतो बघायला. आणि आधी ह्या बिचाऱ्याचं रक्त पूस."

तो बाकावर पेपर उघडून बसला. न्हावी माझ्या कानाशी वाकला. "पुसू? की तो जाईपर्यंत फेसात ठेवू?"

मी मान हलवली. पूस.

फेस गेला. चिमट्याने पेपर खाली केला. आरशात त्याने आधी माझं तोंड पाहिलं, मग माझे खांदे, मग मागे वळून चित्र.

"तरीच," एवढंच म्हणाला.

दुपारी बाईंना फोनवर हो सांगितलं. आवाज कापत होता.

"तब्येत बरी आहे ना, काका?"

"तब्येत बरी आहे. भीती वाटतेय," मी म्हटलं. "चित्र अजून काढायचंय."