घरटी एक माणूस

एक मेच्या सकाळी लूर्डसला दोन ठिकाणी पोचायचं होतं आणि दोन्हीकडे वेळेवर. आधी सातिवलीला, कंपनीच्या गेटवर युनियनचा लाल झेंडा. मग नांदळ्याला, स्वतःच्या गावात. तिथे झेंडाबिंडा नव्हता, पण त्याहून मोठं काम होतं. पंधरा वर्षं गाव ज्यासाठी मोर्चे काढत होतं, लाठ्या खात होतं, कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होतं, त्याचा आज निकाल लागायचा होता. नांदळ्याला महापालिकेतून बाहेर पडायचं होतं. सरकारी अधिकारी येणार, हात मोजणार आणि निम्म्याहून जास्त मतदारांनी हात वर केले की गावाचा ठराव वर जाणार.

सातिवलीचं भाषण तिने असं उरकलं की टाळ्या वाजवणाऱ्यांना कळेचना, संपलं की मध्येच थांबली. स्कूटीला किल्ली लावताना शेजारी मनोरमा आली. दोघी एकाच पॅकिंग खात्यात. मनोरमा नवऱ्याबरोबर नांदळ्याच्या कडेला चाळीत राहायची, चांगली बारा वर्षं. चाळ लूर्डसच्या थोरल्या भावाची, ऑस्टिनची.

"बस मागे," लूर्डस म्हणाली. "सभेला येतेयस ना?"

"आम्हाला कुठं बोलावलंय, ताई?"

"अगं, सगळ्या गावाला बोलावलंय."

मनोरमा नुसती हसली. चाळीच्या तोंडाशी उतरली आणि टँकरच्या रांगेत आपला हंडा बघायला गेली. लूर्डसचं तिकडे लक्षच नव्हतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, आज गाव सुटणार. महापालिकेच्या आडून येणाऱ्या त्या टॉवरवाल्यांच्या तोंडावर दार आपटणार. मोगऱ्याच्या वाड्या राहतील, केळी राहतील, बावखलं, ती गोड्या पाण्याची तळी, कुणी भराव टाकून बुजवणार नाही. बावन्न वर्षांची बाई, पण छाती अशी धडधडत होती की विचारू नका.

चर्चच्या मैदानात मांडव भरला होता. मेलरॉयचा बँड एका बाजूला बसून घाम पुसत होता. पुढच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तिचे वडील, फर्डिनंड. वय नव्वदीला टेकलेलं, कान अर्धे गेलेले, जीभ मात्र शाबूत. आयुष्यभर समाजवादी पक्षाचं काम केलेला माणूस. त्यांच्यामुळेच लूर्डस युनियनमध्ये गेली आणि त्यांच्यामुळेच ऑस्टिन बँकेत गेला, असं गावात म्हणत. एकीने बापाचं ऐकलं, दुसऱ्याने बापाचे हाल पाहिले.

ऑस्टिन समितीचा अध्यक्ष. पांढरा शर्ट, खिशाला पेन, चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानाचा रुबाब. अधिकारी खुर्चीत बसताच तो म्हणाला, "साहेब, सगळं गाव हजर आहे. एकही घर सुटलेलं नाही."

अधिकाऱ्याने मतदार यादी उघडली, मांडवावरून नजर फिरवली आणि चष्मा काढला.

"घरं मोजून काय करू? माणसं किती आहेत?"

आता इथे काय घोटाळा झाला ते ऐका. नांदळ्यात गावकीच्या कामाला घरटी एक माणूस यायचा रिवाज. आजोबा-पणजोबांपासूनचा. मोठ्या घराला निरोप दिला की त्या घरातून फुटलेल्या सगळ्यांना दिल्यासारखा आणि त्या घरातला एकजण येऊन बसला की कॅनडातला पुतण्यासुद्धा आला असं धरायचं. वर्गणी असो, विहिरीचा गाळ काढणं असो, हाच हिशेब. ऑस्टिनने तोच लावला. निरोप घराघरात पोचले आणि गाव इतकं शिस्तीचं की प्रत्येक घरातून बरोबर एक माणूस हजर. बँकेत हयात घालवलेल्या माणसाने हे करावं, बघा. पण गावात शिरलं की बँक वेशीवर राहते.

"निम्मेसुद्धा नाहीत," अधिकारी म्हणाला. "एक वाजेपर्यंत थांबतो. पुढची तारीख कधी मिळेल, ते काही मला सांगता यायचं नाही."

मग काय पळापळ झाली म्हणता. कुणीतरी चर्चची घंटा बडवायला लागलं. माणसं घराकडे सुटली. सुना पिठाच्या हातांनी आल्या, कुणाची म्हातारी खुर्चीसकट उचलून आणली, केस रंगवत बसलेला एक गृहस्थ डोक्याला फडकं गुंडाळून आला आणि त्याला बघून अधिकारीसुद्धा हसला. मांडव फुटेस्तोवर भरला. पुन्हा मोजणी झाली आणि पुन्हा हात कमी पडले. पोरं कुवेतला, दुबईला, टोरांटोला. यादीत बाकी नावं होती ती चाळीतल्यांची. गोखिवऱ्या-सातिवलीच्या कारखान्यांत राबणारी, नांदळ्यात मत देणारी माणसं. त्यांना निरोप द्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. लूर्डसच्याही नाही. सकाळची मनोरमाची ती हसण्याची तऱ्हा आत्ता तिच्या ध्यानात आली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

ऑस्टिन धावत तिच्याकडे आला. "तुझी युनियन आज कामाला नाही येणार तर कधी? जा, चाळीतल्यांना घेऊन ये. हात वर करायचे आणि जायचं, एवढंच सांग. वडापाव ठेवतो त्यांच्यासाठी."

वडापावाचं ऐकून तिच्या कपाळावर आठी आली, पण वाद घालायला वेळ कुठे होता? स्कूटी तिने अशी पिटाळली की वळणावर कोंबड्या उडाल्या. चाळीत टँकर लागला होता. हंडे, कळश्या, ड्रम आणि उन्हात उभ्या बायका. लूर्डसने धापा टाकत सगळं सांगितलं. आज गाव सुटतंय, फक्त हात कमी पडतायत, चला.

रांगेतून कुणी हललं नाही. मनोरमाने पदराने तोंड पुसलं.

"ताई, गाव सुटलं की विहिरीचं कुलूप निघणार का?"

गावकीच्या विहिरीवर दोन उन्हाळ्यांपूर्वी जाळी बसली, कुलूप लागलं. टँकरवाले चोरून पाणी उपसत होते म्हणून. टँकरवाले गेले, कुलूप राहिलं. किल्ल्या जुन्या घरांत. चाळीला टँकर.

"निघेल गं," हे शब्द लूर्डसच्या अगदी ओठांवर आले होते. बोलली असती तर पाच मिनिटांत सगळी चाळ मांडवात असती. पण या बाईला तिने कंपनीच्या गेटवर कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"विचारून येते," ती म्हणाली.

"लेखी आणा," मनोरमा म्हणाली. "मालकाचं तोंडी काही धरायचं नाही, तुम्हीच शिकवलंत."

लूर्डसने परत येऊन भर मांडवात ते मागितलं. विहीर सगळ्यांना खुली आणि गावकीच्या बैठकीत चाळीतल्यांना जागा. आत्ताच्या आत्ता, ठरावात.

ऑस्टिनचा चेहरा लाल झाला. "ही वेळ आहे का, लूर्डस? आधी गाव सुटू दे. मग सगळे बसून बघू."

"हात त्यांचे आत्ता पाहिजेत आणि त्यांचं पाणी मग बघू?"

"बाहेरून आलेल्यांसाठी गावाशी गद्दारी करतेस," मागून कुणीतरी ओरडलं. तिच्याच भावकीतला आवाज.

खोटं कशाला सांगा. गाव तिलाही हवं होतं, या सगळ्यांच्या इतकंच. या गावासाठी पाठीवर काठी खाल्लेली बाई ती. एक वाजला आणि साहेब उठून गेला, तर नांदळं हातचं घालवलं ते लूर्डसने, हे जन्मभर ऐकावं लागणार होतं. तरी ती म्हणाली, "मग बघू हे मला चालणार नाही. लिहा, मगच मी आणते."

"काय म्हणतोय ऑस्टिन?" फर्डिनंडनी शेजारच्याला विचारलं. त्याने कानात ओरडून सांगितलं. म्हातारा काठीवर जोर देऊन उठला आणि मांडव आपोआप गप्प झाला.

"गोव्याच्या सत्याग्रहाला मी गेलो तेव्हा मिसरूड फुटत होतं. सीमेवर मार खाऊन पडलो होतो. एका मुंडकाराने पाणी पाजलं, झोपडीत लपवलं. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनदाराच्या, जागेत घर करून राहणारा. मालक म्हणेल तोवर राहायचं. पुढे पोर्तुगीज गेले. मी मिठाई घेऊन त्याला भेटायला गेलो. तर तो भाटकाराच्या अंगणात नारळ सोलत होता. तोच भाटकार, तीच झोपडी. मला म्हणाला, आम्हाला सांगितलं होतं, आधी स्वातंत्र्य, मग तुमच्या जागेचं बघू. मिठाई हातातच राहिली माझ्या."

"बाबा, गोवा वेगळा आणि—"

"थांब. स्वातंत्र्य नको होतं असं मी कधी म्हटलं नाही. आज कुणी बोलावलं तर आजही जाईन, या काठीवर. परक्याचं राज्य गेलंच पाहिजे. पण ते घालवताना जो खांद्याला खांदा लावतो त्याला आधी सांगा, गेल्यावर तो कुठे बसणार. ते न सांगणारा पुढारी मला चालत नाही, पोटचा असला तरी." जरा दम घेऊन ते म्हणाले, "आणि वेगळं म्हणशील तर एकच. तिथे भाटकार दुसरा कुणी होता. इथे चाळीचा मालक तू आहेस."

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं, मग बायका हसल्या, मग डोक्याला फडकं गुंडाळलेला तो गृहस्थही. ऑस्टिन एकटाच हसला नाही. त्याने अधिकाऱ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, खिशातलं पेन काढलं आणि खाली वाकून लिहायला लागला. लिहिलेलं मोठ्याने वाचूनही दाखवलं. चार-पाच जण खुर्च्या ढकलून निघून गेले. म्हणजे अजून तेवढे हात कमी.

लूर्डसने त्या कागदाचा फोटो घेतला आणि पुन्हा सुटली. मनोरमाने फोनवर सगळं वाचलं, खालची सही बोटांनी मोठी करून पाहिली आणि रांगेकडे वळून म्हणाली, "चला."

आणि मग चाळ निघाली. भरलेले हंडे सोडून जायला कोण तयार होणार? बायका हंडे डोक्यावर घेऊनच निघाल्या. कारखान्याची सुट्टी असल्याने पुरुषही होते, कुणी लुंगीवर, कुणी अर्धी दाढी केलेला. मांडवाच्या तोंडाशी ही वरात दिसली आणि मेलरॉयला काय सुचलं कोण जाणे. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका विहिरीवर पाणी आणायला जातात तेव्हा वाजवतात ती चाल त्याने धरली. डोक्यावर हंडे म्हटल्यावर त्याला दुसरं काय सुचणार? गावातल्या म्हाताऱ्यांचे पाय खुर्चीत बसल्या बसल्या हलायला लागले. एकीने उठून एका चाळवालीच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतला. लूर्डसला रडू आवरेना आणि त्याचं तिला काही वाटलंही नाही.

हात वर झाले. अधिकाऱ्याने मोजले, एक वाजून गेला तरी मोजले, पुन्हा मोजले.

"झालं," तो म्हणाला. "निम्म्याच्या वर."

जो गलका झाला त्यात बँड ऐकू येईनासा झाला. ऑस्टिनला कुणी उचललं, त्याने खाली उतरून बहिणीला मिठी मारली. अधिकाऱ्याला कागद पुरा करायचा होता. सूचक ऑस्टिन. अनुमोदक कोण? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मनोरमाचा हात अजून वरच होता.

"तुम्ही? बरं. नाव?"

"मनोरमा रमेश गुरव."

"गाव?"

मनोरमाचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. हा प्रश्न तिला बारा वर्षांत शंभरदा कुणी ना कुणी विचारला असेल. उत्तर ठरलेलं होतं, संगमेश्वर. लूर्डसने दात ओठांत रोवून धरले. हे आपण बोलायचं नाही, एवढं तिला कळत होतं.

"नांदळे," ऑस्टिन म्हणाला. "लिहा, साहेब. आमच्याच गावची आहे."

साहेबाने पेन टेकवलं. लूर्डस भावाला पुरतं ओळखून होती. अनुमोदक पाहिजे म्हणून म्हणाला तो, उद्या बैठकीत खुर्ची द्यायची वेळ आली की घासाघीस करणारच होता.

मनोरमाने हात खाली घेतला आणि टेबलाशी आली.

"ते त्यांनी सांगितलं, साहेब," ती म्हणाली. "आता मला विचारा."

अधिकाऱ्याने मान वर केली.

"गाव?" अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं.

"नांदळे," मनोरमा म्हणाली, मांडवातल्या शेवटच्या खुर्चीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.