नणंदेची भट्टी, माझी चौकट

आमच्या संस्थेत मला सगळेच 'वहिनी' म्हणतात, आणि याला जबाबदार माझी नणंद आहे. ती खालच्या मजल्यावर प्रयोगशाळेत, मी वरच्या मजल्यावर संगणकासमोर. धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडून ठेवतील असे सच्छिद्र स्फटिक मी संगणकावर उभे करते. त्यातला जो बरा निघेल तो ती खरोखर बनवते. म्हणजे स्वप्नं माझी, भांडी घासणं तिचं. घरी नवरा आम्हा दोघींमध्ये बसून निमूट जेवतो.

यंदा माझा एक स्फटिक अगदी लाखात एक निघाला. संगणकावर तो वायू असा गिळायचा की मी त्याच्या प्रेमातच पडले; सगळं वर्ष त्याच्यावर घातलं. नणंदेनं त्याची पिवळसर भुकटी बनवली, तिच्यावर वायू सोडला, आणि भुकटी ढिम्म. काही म्हणजे काही पकडेना. आमच्या गटप्रमुख मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "शुक्रवारच्या बैठकीपर्यंत काही दिसलं नाही तर हा स्फटिक बंद. भट्टी दुसऱ्यांनाही हवी आहे."

घाबरले की मी चिडते, हा माझा स्वभाव. तडक खाली गेले.

"काय गं, नीट बनवलास ना?"

"चोख बनवलाय, वहिनी. पण बनवताना वापरलेला द्रव त्याच्या छिद्रांत अडकून बसलाय. वजनच जास्त भरतंय. मग वायू शिरणार कुठून? जरा जास्त तापवते, उडून जाईल तो."

"खबरदार! एवढ्या उष्णतेत सांगाडा कोसळतो त्याचा. माझं गणित आहे तसं."

"मग तुझ्या गणितालाच सांग द्रव काढायला."

मी पाय आपटत वर आले. तिचं तोंड बंद करायचं, या एकाच हेतूनं ते कोसळण्याचं गणित पडद्यावर पुन्हा चालवलं. उष्णता वाढली, अणू थरथरले, सांगाडा भुईसपाट. छान! समाधान म्हणून आणखी एकदा पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की आतलं सगळं हलतंय, पण ज्या चौकटीत मी स्फटिक बसवला होता, तिच्या कडा तसूभरही हलत नाहीत.

गणित लवकर उरकावं म्हणून मीच चौकटीचा आकार पक्का करून ठेवला होता. तापल्यावर बिचाऱ्याला फुगायला जागाच नव्हती. चौकट मोकळी केली. स्फटिक जरासा फुगला, डुलला, आणि मस्त उभा राहिला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली फोन लावला.

"तापव."

"कोसळेल ना?"

"नाही कोसळत. तापव म्हटलं ना!"

"किती?"

"तुला हवं तेवढं, बाई!"

शुक्रवारी सकाळी भट्टीतून काढलेल्या भुकटीवर वायू सोडला. आलेखाची रेघ चढायला लागली आणि चढतच राहिली. आम्ही दोघी हातमोज्यांसकट एकमेकींच्या गळ्यात पडलो.

बैठकीत मॅडमनी विचारलं, "मग आधी काय बिनसलं होतं?"

मी घसा खाकरेपर्यंत नणंद बोलून मोकळी झाली. "आमची भट्टी कमी तापली होती, मॅडम."

एवढंच. ना माझं नाव, ना टोमणा. गप्प बसले असते तर खपूनही गेलं असतं. पण मला भरून आलं, आणि मी उठलेच.

"भट्टीचा दोष नाही. तापवू नको म्हणून मीच अडवलं होतं. माझं गणित चुकलं होतं."

"बरं," मॅडम हसल्या. "स्फटिक चालू राहू द्या. आणि गणित सुधारा."

बाहेर येताच नणंद म्हणाली, "वहिनी, हे आता घरी दादासमोर एकदा म्हण."

"अजिबात नाही."

जेवताना म्हटलं. नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"चूक हिची, आणि तू ती स्वतःवर घेतलीस? तू?"

"मग काय," ताटातून मान वर न करता नणंद म्हणाली. "चारचौघांत हिला कोणी बोललेलं मला चालत नाही. हिला बोलायला मी आहे ना."