चाचणी एकोणीस

आमच्या ह्यांनी आयुष्यात एक गोष्ट सरळ केली असेल तर शप्पथ. चाळीस वर्षं एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढले. रेघ मारायची एक, पण त्याआधी पेन्सिलीला टोक काढायचं चारदा. असल्या माणसाच्या हातात मी माझा आवाज दिला. आता बोलता येत नाही म्हणून वहीत लिहितेय, नाहीतर तोंडानंच सांगितलं असतं आणि ह्यांना समोर बसवून सांगितलं असतं.

झालं असं, की माझ्या घशात गाठ निघाली. डॉक्टरीणबाई स्वच्छ म्हणाल्या, "स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही." ऑपरेशनची तारीख तेवीस दिवसांनंतरची मिळाली. मुलीला तेव्हा सातवा महिना लागलेला. माझ्या डोक्यात पहिली आली ती अंगाई. मुलगी तान्ही असताना मीच रचलेली. तिच्यात घरातली एकेक वस्तू झोपत जाते, आधी उशी, मग कपाट, मग दिवा, आणि दर कडव्याला आवाज खाली उतरवायचा. शेवटी बाळ झोपतं, ते कडवं तर ओठांतल्या ओठांत. मुलगी नेमकी त्याच कडव्याला डोळे मिटायची. नातवंडाला ही माझ्या आवाजात मिळावी, एवढंच मागितलं मी.

"फोनवर म्हण आणि पाठवून दे," मुलगी म्हणाली.

"फोनवर?" झाडूनं दात घासायला सांगितल्यासारखे हे दचकले. "तुझ्या आईचा आवाज आहे तो. मी रेकॉर्डिंग, मिक्सिंग, सगळं नीट शिकून करतो."

शिकतात कसले! हे शिकायची साधनं शोधायला बसले. एक नवी वही आणली, पट्टीनं चार रकाने आखले: कोर्सचं नाव, शिकवणारा, किती तारे, शेरा. 'दहा उत्तम कोर्स' नावाचा लेख वाचला, त्यातून 'वीस उत्तम कोर्स' सापडला, मग त्या विसांची तुलना करणारा तिसराच एक. 'तीस दिवसांत साउंड इंजिनिअर व्हा' हा ह्यांना फार आवडला. मी म्हटलं, "अहो, माझ्याकडे तेवीसच आहेत." तर म्हणाले, "शेवटचे सात धडे सरावाचेच आहेत."

ग्रंथालयातून विटेएवढं पुस्तक आणलं. त्यात ऐंशी पानं हवा कशी हलते यावरच. मग इंटरनेटवर मायक्रोफोनवरून दोन रिकामटेकड्यांचं भांडण चाललं होतं, ते चार दिवस वाचलं. शेवटी सापडला तो टोपीवाला. स्क्रीनवर उलटी टोपी घालून बसायचा, दहा मिनिटं स्वतःची आरती ओवाळायचा आणि मग सांगायचा की खरी युक्ती पुढच्या व्हिडिओत आहे. ह्या मेल्याला आमचे हे 'सर' म्हणायचे! पासष्ट वर्षांचा माणूस, स्क्रीनसमोर वही घेऊन "सर म्हणतात" करतोय. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. असला मास्तर मी दुसरीच्या वर्गावरही उभा केला नसता.

आणि चाचण्या! झोपायच्या खोलीतलं कपाट रिकामं करून आत गोधड्या टांगल्या, मला स्टुलावर कोंबलं, तोंडापुढे माइक. "हं, बोल काहीतरी." रोज. मी काय बोलणार? तोंडाला येईल ते बोलायची. आवाज बसला होता, पण तोंडाचा पट्टा चालू होता. हे स्क्रीनवर आवाजाचे वरखाली होणारे पट्टे बघायचे, मान हलवायचे, "अजून नाही जमलं," म्हणायचे आणि फाइल सुबक नाव देऊन ठेवायचे. चाचणी एक, चाचणी दोन. तेविसातले वीस दिवस ह्यातच गेले.

मध्ये एकदा माझाही धीर सुटला. पंधराव्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लोटून मी फोनवर सगळी अंगाई म्हणून टाकली. दार उघडलं तर हे बाहेर उभे, हातात ती चार रकान्यांची वही. "छान झाली असेल," म्हणाले आणि वही कडेनं दुमडायला लागले. मला बघवेना. त्यांच्यासमोरच मी ती पुसून टाकली. "तुम्हीच करा हो, फोनवर खरखर येते," म्हटलं. हा माझा गाढवपणा. वहीत लिहून ठेवते, म्हणजे सगळा दोष एकट्या ह्यांच्या माथी नको.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी टोपीवाल्यानं 'गेट' शिकवलं. म्हणजे यंत्रात एक दार बसवायचं. ठरावीक पातळीच्या वरचा आवाज आत येतो. त्याखाली पंख्याची घरघर, श्वास, खाकरणं काहीही असो, दार बंद. ह्यांना वाटलं, हेच ते, हेच इतके दिवस राहिलं होतं. सकाळी दवाखान्यात न्यायला गाडी दारात उभी. मी कपाटात बसून एकदाच म्हटलं. जीव ओतून म्हटलं. ह्यांनी कानाला काहीच लावलं नव्हतं, कारण सर म्हणतात, कानांपेक्षा पट्ट्यांवर विश्वास ठेवा. अंगठा वर केला आणि आम्ही निघालो.

दवाखान्यात मी पाटीवर रोज लिहायची: 'कसं झालंय?' हे रोज म्हणायचे, "मिक्सिंग चाललंय."

बाळ महिन्याचं झालं तेव्हा मुलगी घेऊन आली. नात. संध्याकाळी तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. "बाबा, लावा ना आता," मुलगी म्हणाली. हे जागचे हलेनात. शेवटी तिनंच लॅपटॉप ओढला.

उशी झोपली. कपाट झोपलं. दिव्याच्या कडव्यात शब्द गळायला लागले, एक आहे, दोन नाहीत. आणि मग काहीच नाही. स्वच्छ, धुतलेलं काहीच नाही. बाळाचं कडवं दाराबाहेरच राहिलं होतं.

"गेट," हे भिंतीकडे बघत म्हणाले. "पातळी वर लागली. मला त्याच दिवशी कळलं."

मी पाटी उचलली. काय लिहिणार होते कोण जाणे, पण आयुष्यात कुणाचा इतका राग आला नव्हता. नात किंचाळतच होती. मुलीच्या हाताला त्याच फोल्डरमधल्या चाचण्या लागल्या. तिनं एक लावली.

"बोल काय, बोल? मी काय पोपट आहे? अहो, ती वायर उलटी लावलीय, आंधळ्यालाही दिसेल!"

नात रडायची थांबली. तोंड उघडंच, डोळे लॅपटॉपकडे. मग एकामागून एक चाचण्या सुरू झाल्या: माझं खाकरणं, माझे टोमणे, "अक्कल कुठे गहाण टाकलीत?", टोपीवाल्याचा उद्धार. पोरगी मुठी चोखत ऐकत होती. आठव्या चाचणीला तिच्या पापण्या जड झाल्या, बाराव्याला झोपली. मुलीला हसू आवरेना. कुणी बंद मात्र केलं नाही.

आणि हे रडायला लागले. पाठमोरे, खांदे हलताहेत. चाळीस वर्षांच्या सवयीनं मी तोंड उघडलं, दोन शब्द हाणायला. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. तेव्हा मला खरं कळलं, काय गेलं ते. अंगाई नव्हे. ह्या माणसाला आता ओरडणार कोण?

लॅपटॉप एकोणिसाव्या चाचणीवर आला होता.

"आता तोंड पाडून काय बसलात? चुकलं तर चुकलं. पुसा ते आणि परत करा. मी काय पळून चाललेय? इथेच बसलेय."

"हो," हे म्हणाले, लॅपटॉपला.