डावा डोळा

पहाडाच्या भुवया ताईने बारा वर्षं सांभाळल्या होत्या. बॉक्सिंगच्या एकतीस व्यावसायिक लढतींत, दोन फेऱ्यांमधल्या त्या एका मिनिटात, धाकट्या भावाच्या चेहऱ्यावरचं रक्त तीच थांबवायची. एवढा धिप्पाड हेवीवेट, सगळे त्याला पहाडच म्हणायचे, पण तिच्यापुढे मान तिरकी करून गप्प बसायचा.

किताबाच्या लढतीआधी डॉक्टरी तपासणी होती. त्या सकाळी दाढी करता करता तो पुटपुटत होता, "न, ल, म, ट, प..."

"काय रे, काय चाललंय?"

"काही नाही गं."

ती अक्षरं डोळे तपासायच्या तक्त्यावरची होती. तिने त्याचा उजवा डोळा हाताने झाकला. "किती बोटं?"

"दोन."

तिने एकही बोट वर केलं नव्हतं.

ती तडक जिममध्ये गेली. सख्खा मामाच पहाडाचा मॅनेजर. "तक्त्याचा फोटो तुम्ही आणून दिलात?"

"अगं, किताबाची लढत आहे! याच दिवसासाठी आयुष्यभर मार खाल्ला ना त्याने?"

"मार त्याने खाल्ला. जेवलात तुम्ही."

तपासणीच्या खोलीत उजवा डोळा झाकून पहाडाने ओळ घडाघडा म्हटली. डॉक्टर सही करणार, तोच ताई म्हणाली, "आता तीच ओळ उलटी, उजवीकडून डावीकडे वाचायला सांगा." पहाड तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने पुन्हा तेच म्हटलं, "न, ल, म..." डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

बाहेर येताच त्याने बाकाला लाथ घातली. "तू कोण ठरवणारी?"

"तुझं फाटलेलं तोंड बारा वर्षं सांधणारी!"

"मग आणखी एकदा सांधलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

संताप तिच्या कानशिलांत ठणकत होता. बाहेर बसलेल्या मामाने तर तिच्या नावाने तिथेच बोटं मोडली. तिने कापसाची पेटी मामाच्या मांडीवर आदळली. "यापुढे तुम्हीच पुसा."

लढत दुसऱ्याच कुणाला मिळाली. पहाड नवशिक्यांना शिकवू लागला. घरात एकाच टेबलावर जेवायचा, पण वर्षभर ताईशी अवाक्षर बोलला नाही. तिचाही राग निवला नाही. मामावरचा, भावावरचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःवरचा. एकतीस वेळा तिनेच त्याचं रक्त पुसून, पाठीवर थाप मारून त्याला पुन्हा मार खायला पाठवलं होतं.