दोघींचं कपाळ

माझी बहीण गिट्टे तेविसाव्या वर्षी गेली. सायकलवरून सरळ निघाली होती आणि उजवीकडे वळणाऱ्या ट्रकवाल्याला ती दिसलीच नाही. आम्ही जुळ्या, अगदी एका साच्यातल्या. तेव्हापासून ओडेन्स शहरातल्या आईच्या घरी, पियानोवरच्या फोटोत ती हसते आहे आणि मी दर रविवारी तिच्यासमोर बसून म्हातारी होते आहे. मेलेल्या बहिणीशी बरोबरी करून बघावी एकदा कुणीतरी. तिचं पोट सुटत नाही, ती उलट बोलत नाही, आईचा वाढदिवस कधी विसरत नाही.

आई ब्याऐंशीची. हृदय थकलेलं, जिन्यात अर्ध्यावर थांबावं लागायचं, जीभ मात्र ठणठणीत. मी गेले की आधी माझ्या कपाळाकडे बघायची आणि आठ्यांवरून हळूच बोट फिरवायची.

"अजून एक आली वाटतं," म्हणायची.

"पन्नाशीला आले मी, आई. येणारच."

"मी कुठे काय म्हटलं?" असं म्हणून कॉफी टाकायला उठायची. उठताना डोळे पियानोकडे. मला ते झोंबायचं. गेली ती गुळगुळीत राहिली, त्यात माझा काय गुन्हा?

मार्चमध्ये आमचा पन्नासावा वाढदिवस होता. 'आमचा' म्हणते, कारण आई त्या दिवशी टेबलावर वाढदिवसाचे छोटे झेंडे अजूनही दोन लावायची, एक माझा, एक गिट्टेचा. मी ठरवलं, यंदा तिला तिची लाडकी दाखवायचीच. आठ्या घालवायला कपाळात बोटॉक्स घ्यायचं. डॉक्टरांनी तपासलं आणि नियमाप्रमाणे विचार करायला दोन दिवस दिले. विचार कसला डोंबलाचा! माझा कधीच झाला होता.

सुया देणारी नर्स रिक्के हसरी होती. "भुवया वर करा, डॉर्टे. आता जरा चिडा बघू."

"ते मला सांगावं लागत नाही."

कातडी दुमडली तिथे तिने पेन्सिलीने ठिपके काढले आणि टोचत गेली. मुंगी चावावी इतकंच. घरी माझा नवरा पाले मला निरखून बघत राहिला.

"कपाळाला इस्त्री मारून आलीस का गं? आता तू रागावलीस हे मला कळणार कसं?"

"आवाजावरून कळेल," मी म्हटलं.

वाढदिवसापर्यंत एकही आठी उरली नाही. सकाळी आरशात बघून मीच दचकले. गळ्यापर्यंत गिट्टे होती, खाली मी.

आईने दार उघडलं. सवयीने तिचं बोट माझ्या कपाळावर आलं आणि तिथे काहीच सापडेना, म्हणून फिरतच राहिलं.

"काय केलंस हे?"

"काढून टाकल्या. बघ ना, अगदी गिट्टे!"

ती मटकन खुर्चीत बसली. मला वाटलं, हृदयच. मी पाण्याला धावले.

"पाणी नको. बस इथे." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "गिट्टेच्याही होत्या त्या. तुला पहिली आठी पडली ना, तेव्हा मी म्हटलं, तिलाही पडली असेल. तुझे केस पिकले, तिचेही पिकले. माझी ती पोर वय वाढल्यावर कशी दिसली असती, ते मी तुझ्याकडे बघून बघत होते. तेविसाची मला नको गं. ती आहे पियानोवर, रोज पुसते मी. मला पन्नाशीची हवी होती."

माझा संताप झाला. "आणि मी? मी कुठे होते या सगळ्यात?"

"तू तर जवळच होतीस," आई म्हणाली. "तुला शोधावं कुठे लागत होतं?"

मी रडले. नाक गळलं, ओठ वाकडे झाले, कपाळ मात्र ढिम्म. मला खरंच रडू येतंय का, हे आईला नीट निरखून ठरवावं लागलं. मग तिने मला जवळ घेतलं.

"किती दिवस टिकतं हे?"

"तीन-चार महिने. मग आपोआप परत येतात."

तिने बोटांवर महिने मोजले. "म्हणजे जुलै, भर उन्हाळा. बघते, थांबायला जमतं का."

दुसऱ्याच दिवशी मी रिक्केला फोन केला. हे उतरवायचं काही औषध आहे का?

"तसं काही नसतं हो. वाट बघायची."

मग आम्ही वाट बघत राहिलो. दर रविवारी आई मला खिडकीपाशी उजेडात बसवायची. "उचल भुवया." मी सगळा जोर लावायची, कान हलायचे, कपाळ नाही. आम्ही हसायचो. हसता हसता तिला धाप लागायची आणि मग हसू नकोस म्हणून मी तिच्यावर ओरडायची.

मे महिन्यात तिला हॉस्पिटलात हलवलं. तिथेही तिने अंथरुणातून हात वर केला. तो पोचेना, म्हणून मीच कपाळ खाली नेलं.

"लागतंय का गं काही?"

"हो. डाव्या भुवईच्या वर. बारीकशी आहे."

तिने पुन्हा बोट फिरवलं. "थापा मारतेस," म्हणाली. "पण मार."

जूनच्या सुरुवातीला ती गेली. अंत्यविधीला माझ्या कपाळावर एक रेघ उमटली नाही. लोकांनी माझं कौतुक केलं, किती धीराची म्हणून.

जुलैच्या शेवटी डाव्या भुवईच्या वर खरोखरच एक बारीक रेघ आली. मग बाकीच्याही आल्या. "आली का माझी चिडकी बायको परत?" पाले म्हणाला आणि माझं तोंड बघून कॉफी टाकायला उठला.

आता सगळ्या आहेत. सकाळी तोंड धुतल्यावर मी भुवया वर करते. गिट्टे पन्नाशीची झाली आहे, आणि छान दिसते आहे. हे ज्या एका बाईला बघायचं होतं तिला मी ते बघू दिलं नाही, तिच्याच प्रेमापोटी. आई, ये ना गं. बघ तरी.