ज्वारीच्या कणगीतली फुंकणी

एकोणीसशे चौतीस सालची गोष्ट आहे. त्या वर्षी संक्रांतीनंतर किन्हीराजा गावातल्या जगदेवाच्या घरातून फुंकणी हरवली, ती थेट होळीला सापडली. मित्रांनो, ती फुंकणी मीच.

तुमच्यातल्या पुष्कळांनी फुंकणी पाहिलीही नसेल. मी हातभर लांब लोखंडी नळी आहे. माझ्या एका टोकाला तोंड लावायचे, दुसरे टोक निखाऱ्यांकडे धरायचे आणि फुंकायचे. रिसोडच्या बाजारात एका लोहाराने मला घडवले. जगदेवाची बायको मनकर्णाबाई लग्न होऊन आली त्याच वर्षी मीही त्या घरात आले. आम्ही दोघी एकाच चुलीपाशी काळ्या झालो.

फुंकणी कुणी शेजाऱ्याकडे मागत नाही. ती उष्टी असते. त्यामुळे मला फक्त घरच्या बायकांचे श्वास ठाऊक होते. मनकर्णाबाईचा श्वास लांब, सावकाश. जगदेवाची थोरली बहीण तुळसाबाई विधवा होऊन माहेरी राहिली होती. तिचा श्वास आखूड आणि रागीट, एका फुंकरीत राख आढ्याला नेणारा. तिसरी सोजर, घरातली एकुलती एक लेक. तिचा श्वास मात्र माझ्यापर्यंत पोहोचतच नसे.

सोजरचा वरचा ओठ जन्मापासून नाकापर्यंत फाटलेला होता. ती गाल फुगवून फुंके, पण वारा त्या फटीतून निसटून तिच्याच डोळ्यांत धूर घाली. तुळसाबाई येईल त्याला कारण सांगे, "गिराणात वांगं चिरलं हिनं. म्या सांगतलं होतं, इळ्याले हात लावू नको." पोटुशी असताना आपण खरेच ग्रहणात वांगे चिरले होते, की इतकी वर्षे ऐकून ते खरे वाटू लागले, हे मनकर्णाबाईलाही आता आठवत नव्हते.

सोजर लग्नाची झाली. आमच्याकडे मुलगी पाहायला आलेल्या बायका आधी तिला चूल पेटवायला लावत. तिची चूल पेटत नसे आणि त्या नुसते पाणी पिऊन परत जात.

तांड्यावरची गोमतीबाई जळणाची मोळी विकायला दारी येई. एकदा मोळी टाकून ती म्हणाली, "बाशीमच्या दवाखान्यात मडम आली हाय, सात समुद्रापल्याडची. माया पोराचे, सोमलाचे बोटं जलमापासून जुळेल होते, मोकळे करून देल्ले तिनं. पैसा नाई घेत."

"पैसा नाई घेत, तं काय घेते? धरम?" तुळसाबाईने विचारले.

"काई नाई घेत. उलट मलेच साबण देल्लं. पाय, वास पाय माया हाताचा!"

तुळसाबाईने तोंड फिरवले. वास मात्र तिने घेतला होता.

जगदेवाने बायको-लेकीला घेऊन वाशीमला जायला बैलगाडी जुंपली. परक्या हातचे खायचे नाही म्हणून पीठमिठाच्या गाठोड्यात मीही निघाले. दवाखान्याच्या आवारात तीन दगड मांडून रोग्यांची माणसे आपापला स्वयंपाक करीत. तिथे मी मडमेला पाहिले. उंच बाई, उन्हाने लाल झालेली. मराठी ती कुणा शास्त्रीबुवांकडे शिकली होती, त्यामुळे पोथी वाचल्यासारखी बोले. आपल्या गावच्या स्त्रिया गोधड्या शिवून विकतात आणि त्यातून हा दवाखाना चालतो, असे तिने सांगितले.

"गोधड्या?" मनकर्णाबाई म्हणाली. "त्याइनं तं आमची पोरगी पायली बी नाई!"

मग मला हातात फिरवीत ती मनातले बोलली. "बाई, म्या गिराणात वांगं चिरलं म्हणून हे झालं काय?"

मडमेला प्रश्न समजायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "माझ्या गावीही अशी बालके जन्मतात. तेथे वांगे कोणास ठाऊक नाही."

त्या दिवशी मनकर्णाबाईची भाकर करपली. तिचे लक्षच नव्हते.

आत खोलीत काय झाले ते मी पाहिले नाही. औषधाचा गोड, उग्र वास तेवढा बाहेर आला. नंतर सोजर दिसली ती शिवलेल्या ओठाची. नर्सबाई तिला चमच्याने दूध पाजत होती. टाके काढले, निघायची वेळ झाली, तेव्हा मडमेने मला उचलून मनकर्णाबाईपुढे धरले. "होळीपर्यंत ही हिच्या मुखाला लावू नये. जोर पडला तर जखम उसवेल. मग पुन्हा शिवणे कठीण."

घरी तुळसाबाई उंबऱ्यातच उभी होती. परक्या हातचे खाऊन आलेल्या माणसाने आपल्या श्वासाने चूल पेटवायची आणि त्या जाळावरचे पहिले अन्न खायचे, मग पंगतीत बसायचे, अशी त्या घराची रीत होती. नुसत्या तोंडाने फुंकलेले चालत नसे. त्याने अग्नी उष्टा होतो.

"परक्याच्या हातचं दूध पेली ना? आधी चूल पेटवन, मंग घरात."

"जखम वली हाय, बाई," मनकर्णाबाई नणंदेला म्हणाली.

"तं गोठ्यात राहू दे होळीवरी. रीत काई म्या नाई केली."

जगदेव बैल सोडण्यात गुंतल्यासारखा राहिला. मनकर्णाबाई म्हणाली, "पेटवन. तुमी गोमूत्र आना."

तुळसाबाई गोठ्याकडे वळली तेवढ्यात मनकर्णाबाईने मला कमरेच्या पदरातून ओढले आणि ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून खोल खुपसले. मग मला फक्त ऐकू येत होते.

"फुंकणी कुठी हाय?"

"गाठोड्यात तं होती, बाई."

"पाय फुटले काय तिले?"

फुंकणीच नाही तर रीत कशी होणार? कडाक्याच्या थंडीत पोरीला गोठ्यात ठेवा, असे जगदेवापुढे पुन्हा म्हणायला तुळसाबाईची जीभ रेटली नाही. सोजर घरात आली. ताट वेगळे, जागा वेगळी. "सापडली का पयले चूलच," तुळसाबाईने बजावले. तोवर सुपाने वारा घालून स्वयंपाक होई आणि घर धुराने भरून जाई.

तिने दर बाजाराला भावाला नवी फुंकणी आणायला सांगितले. एकदा तो म्हणाला, लोहारच आला नाही. पुढच्या बाजारी म्हणाला, "होत्या, पन वाकड्या होत्या." अंधारात, दाण्यांच्या भाराखाली पडल्या पडल्या मला समजले, की मनकर्णाबाई एकटी नाही.

होळीला तिने मला बाहेर काढून राखेने घासले आणि सोजरच्या हातात दिले. सोजर जरा थबकली. मग तिने ओठ लावले. दोन्ही बाजूंनी सारखे, कुठे फट नाही. एक अख्खा श्वास माझ्या या टोकातून त्या टोकाला गेला आणि गोवरीने जाळ धरला.

"कुठी सापडली?" तुळसाबाईने विचारले.

"ज्वारीत."

"ज्वारीत कशी जाईन?"

"पाय फुटले असतीन," जगदेव म्हणाला आणि पाट्यावरचे पुरण बोटाने चाटून बाहेर गेला.

सोजर कारंजाकडे दिली. तिच्या ओठावर एक बारीक रेघ राहिली. तिच्या मुलांना ती आईच्या चेहऱ्याचाच भाग वाटे. जगदेव पिकल्या वयात शेतातच गेला. गोमतीबाई अखेरपर्यंत जळण विकत राहिली. मनकर्णाबाईने पुढच्या थंडीत जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून दवाखान्यात पाठवली. मडम आपल्या देशी परतली, तेव्हा ती गोधडी सोबत घेऊन गेली म्हणतात.

तुळसाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मनकर्णाबाईच तिला त्याच दवाखान्यात घेऊन गेली. तिथे तिनेही नर्सच्या हातचे दूध घेतले. परत आली ती एका डोळ्यावर पट्टी बांधून, आणि कुणी न सांगता उंबऱ्याबाहेर बसली. धुराने डोळा जाणार, हे तिला ठाऊक होते. रीतही ठाऊक होती.

"आना फुंकणी," ती म्हणाली.

मी चुलीशेजारी, सगळ्यांदेखत पडले होते. मनकर्णाबाई म्हणाली, "सापडून नाई राह्यली, बाई. तुमी आत या."

तुळसाबाईने उघड्या डोळ्याने सरळ माझ्याकडे पाहिले. "सापडत नसन," ती म्हणाली आणि पदर सावरून आत आली.

आता चुली विझल्या. मी सोजरच्या नातवाच्या माळ्यावर गंजत पडले आहे. मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असा हट्ट नाही. पण घरात कुणाची जखम ओली असेल, तर ती भरेपर्यंत एखादी वस्तू खुशाल हरवू द्या.